शेजारीच मारेकरी निघाला, तर न्याय कसा करायचा?

रवांडा हा आफ्रिकेच्या मध्यावरचा डोंगराळ देश. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढा. गेल्या काही वर्षांपासून तिथल्या तुरुंगांतून हजारो कैदी शिक्षा पुरी करून बाहेर पडत आहेत. १९९४ मध्ये त्यांनी आपल्याच गावातल्या माणसांना मारलं होतं. त्यांना २५-३० वर्षांच्या शिक्षा झाल्या, त्या आता संपत आल्या आहेत. सुटल्यावर हे लोक जातात कुठे? बहुतेक जण आपल्याच गावी, आपल्याच डोंगरावर. तिथे त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर अशी माणसं राहतात, ज्यांची आई, नवरा, मुलं त्यांनी मारली.

अशा बातम्या वाचल्या की दोन प्रश्न लगेच मनात येतात. इतक्या भयंकर गुन्ह्यानंतर हे लोक सुटतातच कसे? आणि ज्यांचं सगळं गेलं, ते त्यांना शेजारी राहू कसे देतात? या प्रश्नांची उत्तरं रवांडाने उभ्या केलेल्या एका वेगळ्याच न्यायव्यवस्थेत आहेत. तिचं नाव गाचाचा. तिची थोर बाजू आणि दुखरी बाजू दोन्ही नीट पाहायला हव्यात, कारण जगभर तिचं कौतुक किंवा निंदा होते ती बहुतेक वेळा अर्धवट माहितीवर.

## १९९४ मध्ये काय झालं

रवांडात हुतू बहुसंख्य आणि तुत्सी अल्पसंख्य. भाषा एकच, धर्म एकच, राहायचे एकाच वस्तीत, आपापसांत लग्नंही व्हायची. बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा (तिसरा, अगदी छोटा समूह) अशी नोंद करायला सुरुवात केली आणि बदलू शकणारी सामाजिक ओळख कागदावर कायमची कोरली गेली. साठ वर्षांनी रस्त्यावरच्या नाक्यांवर याच ओळखपत्रावरून कोण जगेल आणि कोण मरेल हे ठरलं.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष जुवेनाल हाब्यारिमाना यांचं विमान राजधानी किगालीवर पाडलं गेलं. त्यानंतर काही तासांतच आधीपासून तयार असलेल्या याद्या घेऊन हत्या सुरू झाल्या. पहिल्या बळींमध्ये पंतप्रधान अगात उविलिंगियिमाना होत्या. त्या हुतू होत्या, पण या कटाच्या आड येणाऱ्या होत्या. पुढचे सुमारे शंभर दिवस सैन्य, इंटरहाम्वे नावाची सशस्त्र टोळी आणि रेडिओवरून चिथावलेले साधे गावकरी तुत्सींना शोधून शोधून मारत राहिले. हत्यारं होती कोयते, गदा, कुदळी. लोक आश्रयाला चर्चमध्ये शिरले आणि चर्चमध्येच मारले गेले. मृतांचा आकडा संशोधक पाच ते आठ लाखांच्या दरम्यान सांगतात, रवांडा सरकार दहा लाखांहून अधिक सांगतं. तेव्हा देशाची लोकसंख्या जेमतेम सत्तर लाख होती. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना देशात होती, तरी तिला बळ देण्याऐवजी तिची संख्या घटवली गेली. जुलैमध्ये पॉल कागामे यांच्या नेतृत्वाखालच्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट, म्हणजे आरपीएफ, या तुत्सीबहुल बंडखोर सैन्याने देश जिंकला, तेव्हा हा संहार थांबला.

कायद्यात 'वंशसंहार' म्हणजे एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्यं. ही व्याख्या १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारातली. रवांडात या हेतूबद्दल शंकेला जागा नव्हती. खरी अडचण गुन्हेगारांच्या संख्येची होती. हुकूम देणारे थोडे होते, पण हुकूम पाळणारे लाखोंच्या घरात होते, आणि ते बहुतेक मेलेल्यांच्या ओळखीचे होते.

## न्याय एक, समेट दुसरा

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण त्यांची गल्लत झाली की सगळंच धूसर होतं.

आपल्याकडे बांधावरून भाऊबंदांत तंटा होतो. कोर्ट मोजणी मागवतं, बांध कुठून जातो ते सांगतं, खर्च कोणी द्यायचा ते ठरवतं. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी दोघांना त्याच पाणंदीने शेतात जायचं असतं, सामाईक विहिरीचं पाणी पाळीने घ्यायचं असतं. बांध कुठे हे निकालात लिहिलेलं असतं, पाळी कशी चालवायची हे नसतं. तंट्यात खून पडलेला असेल, तर ही पाळी जवळजवळ अशक्य होते.

न्याय म्हणजे काय झालं, कोणी केलं आणि त्याची शिक्षा काय, हे ठरवणं. समेट म्हणजे त्यानंतर एकत्र जगणं. सरकार न्याय देऊ शकतं. समेट माणसांमध्ये व्हावा लागतो आणि त्याला हुकूम चालत नाही. रवांडाने या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीतून मिळवायचा प्रयत्न केला. तिथलं यश आणि तिथली जखम दोन्ही इथूनच निघतात असं मला वाटतं.

## नेहमीची न्यायालयं का पुरली नाहीत?

वंशसंहारात न्यायव्यवस्थाच कोसळली होती. बहुतेक न्यायाधीश आणि वकील मारले गेले होते किंवा देश सोडून पळाले होते, त्यातले काही स्वतःच आरोपी होते. तुरुंग मात्र भरत गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सव्वा लाखाच्या आसपास लोक गजाआड होते. १९९५ मध्ये गितारामाच्या तुरुंगात इतकी गर्दी होती की कैद्यांना रात्रंदिवस ओल्या जमिनीवर उभं राहावं लागे, पाय सडत, बोटं गळून पडत. त्यांच्यात खुनी होते आणि शेजाऱ्याने जमिनीच्या लोभाने अडकवलेले निरपराधही होते. खटल्याविना कोण कोणता हे कळायला मार्ग नव्हता.

डिसेंबर १९९६ मध्ये देशातल्या न्यायालयांनी खटले सुरू केले. एप्रिल १९९८ मध्ये दोषी ठरलेल्या २२ जणांना जाहीरपणे गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. (२००७ मध्ये रवांडाने मृत्युदंडच रद्द केला.) पण खटल्यांचा वेग पाहता सगळे निकाली निघायला शंभराहून अधिक वर्षं लागतील, हे स्पष्ट दिसत होतं.

दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांनी शेजारच्या टांझानियातल्या अरुशा शहरात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण स्थापन केलं. त्याचं काम मोठं आहे. ताबा गावाचा महापौर जाँ-पॉल अकायेसू याला १९९८ मध्ये तिथे शिक्षा झाली. वंशसंहाराच्या गुन्ह्याखाली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने खटला चालवून दोषी ठरवलेला तो पहिला माणूस, आणि बलात्कार हे वंशसंहाराचं कृत्य असू शकतं हे याच निकालाने पहिल्यांदा मान्य केलं. त्या पीठावर डर्बनमधल्या तमिळ वंशाच्या कुटुंबातल्या न्यायमूर्ती नवी पिल्ले होत्या. तरीही २०१५ मध्ये बंद होईपर्यंत या न्यायाधिकरणाने आरोपी केले ९३ आणि शिक्षा दिली ६२ जणांना. ते कटाच्या सूत्रधारांसाठी होतं. डोंगरावरच्या विधवेला आपल्या घरात कोण घुसलं होतं आणि नवऱ्याचं प्रेत कुठे टाकलं, हे अरुशातून कळणार नव्हतं.

## गाचाचा: झाडाखालचं न्यायालय

गाचाचा ही मुळात गावातल्या जाणत्यांची बैठक. गुरं शेतात शिरली, वाटणीवरून वाद झाला, की गावकरी मोकळ्यावर बसून तोडगा काढत. खुनासाठी ती नव्हतीच. सरकारने कायदा करून तिचं नाव आणि मोकळ्यावर बसण्याची रीत घेतली आणि त्यावर पूर्ण नवी व्यवस्था बांधली. २००१ मध्ये गावोगावी पंच निवडले गेले, २००२ मध्ये काही ठिकाणी प्रयोग झाला, २००५ पासून देशभर काम सुरू झालं आणि १८ जून २०१२ ला ही न्यायालयं बंद झाली. देशभरात अशी सुमारे बारा हजार न्यायालयं होती.

पंच म्हणजे शेतकरी, शिक्षक, गृहिणी. कायद्याचं शिक्षण नाही, पगार नाही, काही दिवसांचं प्रशिक्षण एवढंच. गळ्यात राष्ट्रध्वजाच्या रंगांचा पट्टा घालून ते बाकावर बसत. आठवड्यातला एक दिवस ठरलेला असे. त्या दिवशी दुकानं बंद, शेतीची कामं बंद, आणि गावकऱ्यांनी हजर राहणं बंधनकारक.

सुरुवातीला आरोप नव्हतेच. आधी याद्या झाल्या. ६ एप्रिल १९९४ ला या वस्तीत कोण कोण राहत होतं? त्यातलं कोण मारलं गेलं? कुठे? कोणती घरं लुटली, कोणाची गुरं कापली? आरोपी कोण? महिनोन् महिने गावाने आपलीच हजेरी पुन्हा मांडली. वाचलेल्या कित्येकांनी आपल्या माणसांची नावं मोठ्याने उच्चारली जाताना तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मला या सगळ्या व्यवस्थेतला सर्वात मोलाचा भाग हाच वाटतो, आणि शिक्षांच्या चर्चेत तो नेहमी मागे पडतो.

मग आरोपींचे गट पाडले. पहिल्या गटात कट रचणारे, पुढारी, बलात्कार करणारे. दुसऱ्यात खून आणि हल्ले करणारे. तिसऱ्यात फक्त लूट आणि मालमत्तेचं नुकसान करणारे. पहिला गट सुरुवातीला नेहमीच्या न्यायालयांकडे होता. २००८ नंतर त्यातलेही बहुतेक खटले गाचाचाकडे आले. एकूण सुमारे १९ लाख ५८ हजार खटले निकाली निघाले. त्यातले तेरा लाखांहून अधिक मालमत्तेचे होते. बातम्यांत नुसतं 'वीस लाख खटले' असं येतं, तेव्हा हा फरक सांगितला जात नाही.

## कबुली दिली की शिक्षा कमी, हे योग्य आहे का?

कायद्यात कबुलीला मोठं बक्षीस होतं. २००४ च्या कायद्यानुसार खून करणाऱ्याने गुन्हा नाकारला आणि तो सिद्ध झाला, तर २५ ते ३० वर्षं तुरुंग. आरोपींच्या यादीत नाव येण्याआधीच त्याने स्वतःहून सगळं कबूल केलं, तर ७ ते १२ वर्षं, आणि त्यातली निम्मी तुरुंगाबाहेर सार्वजनिक कामावर: रस्ते, डोंगरउतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांची बांधणी, वाचलेल्यांसाठी घरं. त्यासाठी अट अशी होती की पूर्ण हकीकत सांगायची, साथीदारांची नावं द्यायची, प्रेतं कुठे आहेत ते दाखवायचं आणि गावासमोर क्षमा मागायची.

एका जिवाची किंमत सात वर्षं? हा सवाल वाचलेल्यांनी तेव्हाही विचारला आणि त्यांचा संताप रास्त होता. सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. बहुतेक खुनांचा एकही साक्षीदार जिवंत नव्हता. मारणारे बोलले नाहीत, तर कोणी मारलं आणि कुठे पुरलं हे कधीच कळणार नव्हतं. माहितीच्या बदल्यात शिक्षेतली वर्षं कमी केली गेली. त्यातून हजारो प्रेतं सापडली, त्यांना रीतसर मूठमाती मिळाली. किगालीच्या गिसोझी स्मारकात आज अडीच लाखांहून अधिक मृतांचे अवशेष आहेत.

या देवघेवीत खोटही शिरली. अनेकांनी अर्धीच कबुली दिली. एखाद्या मेलेल्या किंवा पळालेल्या साथीदारावर खून ढकलायचा आणि स्वतः फक्त 'तिथे उभा होतो' म्हणायचं. क्षमायाचना तर पाठ केलेल्या ओळींसारखी म्हटली जाई, असं कित्येक वाचलेल्यांनी सांगितलं आहे.

## हे म्हणजे जातपंचायतच झाली की!

मराठी वाचकाला ही शंका येणारच. २०१६ मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो जातपंचायतींच्या जाचामुळेच. गावाने मिळून दिलेला न्याय म्हणजे बलवानाचा न्याय, हा आपला अनुभव आहे.

काही फरक खरे आहेत. गाचाचाचे पंच निवडलेले होते, त्यांत स्त्रिया होत्या, शिक्षेच्या मर्यादा संसदेच्या कायद्याने बांधल्या होत्या, मृत्युदंडाचा अधिकार नव्हता, आणि मालमत्तेचे खटले सोडले तर वरच्या पातळीवर अपील करता येई. तरी शंका पुसली जात नाही. आरोपीला वकील मिळत नसे. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाच घेणारे पंच, जुन्या भांडणांतून रचलेले खोटे आरोप, आणि बचावासाठी साक्ष दिली तर आपल्यावरच बालंट येईल या भीतीने गप्प राहिलेले लोक अशी उदाहरणं नोंदली आहेत. काही पंच स्वतःच वंशसंहारात सामील होते असं निघालं आणि त्यांना काढावं लागलं. दुसऱ्या बाजूला काही डोंगरांवर हुतू गावकऱ्यांनी ठरवून तोंड मिटलं. साक्ष द्यायला निघालेल्या वाचलेल्यांना धमक्या आल्या, काहींचे खून झाले.

तेव्हा ही व्यवस्था निर्दोष होती असं कोणी म्हणू नये. पण सव्वा लाख माणसांना खटल्याविना तुरुंगात सडू देणं किंवा सगळ्यांना माफी देऊन टाकणं, हेच दोन पर्याय समोर होते. त्यांच्यापेक्षा हा रस्ता बरा होता असं माझं मत आहे.

## ज्या स्त्रियांवर अत्याचार झाले, त्यांना काय मिळालं?

संयुक्त राष्ट्रांच्या १९९६ च्या अहवालात बलात्कारांचा अंदाज अडीच ते पाच लाख असा दिला होता. बलात्काराचे खटले गाचाचाकडे आले तेव्हा ते बंद दाराआड चालवायचं ठरलं. पण वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात. कोणती बाई त्या खोलीत गेली हे गावाला दिसतंच. पुष्कळ जणी म्हणूनच पुढे आल्या नाहीत.

नुकसानभरपाईचा हिशेबही अपुराच राहिला. १९९८ मध्ये सरकारने वाचलेल्यांसाठी निधी स्थापन केला. त्यातून शाळेची फी, औषधपाणी, घरं मिळाली आणि त्याचा खूप आधार झाला. पण मारलेल्या माणसाबद्दल भरपाई अशी मिळाली नाही. गाचाचाने लुटीच्या मालाची परतफेड करायला सांगितलं, तर देणेकरी इतके गरीब की अनेक निकाल कागदावरच राहिले. आणि बलात्कारातून जन्मलेली मुलं? ती १९९४ नंतर जन्मली, म्हणून 'वाचलेले' या कायदेशीर व्याख्येत बसली नाहीत. त्या निधीचा थेट लाभ त्यांना मिळाला नाही. वंशसंहाराचा भार जन्मापासून वाहणाऱ्यांनाच कायद्याने बाहेर ठेवलं, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही.

## दुसऱ्या बाजूच्या मृतांबद्दल कोण बोलणार?

हा भाग रवांडात मोठ्याने बोलता येत नाही. संहार थांबवताना आणि त्यानंतर आरपीएफच्या सैनिकांनीही नागरिक मारले. मानवाधिकार संशोधकांचा अंदाज किमान २५ ते ३० हजारांचा आहे. या हत्या आणि तुत्सींचा वंशसंहार एका पारड्यात घालता येणार नाहीत. एक संपूर्ण समूह पुसून टाकण्याचा कट होता, दुसरे युद्धातले आणि सूडाचे गुन्हे होते. वंशसंहार नाकारणारे लोक हा फरक मुद्दाम पुसतात, म्हणून तो स्पष्ट सांगायला हवा. पण गुन्हे ते गुन्हेच.

गाचाचाला त्यांना हात लावता आला नाही. अरुशाच्या अभियोक्त्या कार्ला देल पोंते यांनी त्यांची चौकशी करायचं ठरवलं होतं. २००३ मध्ये त्यांना त्या पदावरून हटवलं गेलं, आणि हेच त्यामागचं कारण होतं असं त्या सांगतात. विरोधी नेत्या व्हिक्टोर इंगाबिरे २०१० मध्ये परदेशातून परत आल्या आणि गिसोझी स्मारकासमोर हुतू मृतांचाही उल्लेख केला. पुढे त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१८ मध्ये माफी मिळून सुटका झाली. गायक किझितो मिहिगो स्वतः वंशसंहारातून वाचलेला तुत्सी होता. २०१४ मध्ये त्याने एका गाण्यात इतर मृतांबद्दलही सहानुभूती व्यक्त केली, त्याच वर्षी त्याला अटक झाली आणि २०२० मध्ये पोलिस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं, मानवाधिकार संघटनांनी स्वतंत्र चौकशी मागितली.

याचा परिणाम साधा आहे. ज्या हुतू मुलाचा बाप आरपीएफच्या गोळीने मेला, त्याला एप्रिलमधल्या शोकदिवसांत रडायला जागा नाही. आणि जे गुन्हेगार सीमा ओलांडून काँगोत पळाले, त्यांच्या मागे युद्धही तिकडे गेलं. जानेवारी २०२५ मध्ये काँगोतलं गोमा शहर एम२३ या बंडखोर गटाने घेतलं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या मते त्या गटाला रवांडाचं पाठबळ आहे.

## मग समेट झाला की नाही?

सरकारी पाहणी म्हणते, झाला. २०२० च्या पाहणीत समेटाचं प्रमाण ९४.७ टक्के आलं. ज्या देशात ओळखपत्रावरून हुतू-तुत्सी शब्द गेले आहेत आणि 'वंशसंहाराची विचारसरणी' बाळगण्याविरुद्ध कडक कायदा आहे, तिथे पाहणी करणाऱ्याला कोण काय सांगेल याचा विचार करूनच हा आकडा वाचावा.

तरी गावपातळीवर काहीतरी खरं घडलं आहे. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळे मिळून गावाची कामं करतात. २००६ पासून गरीब कुटुंबाला एक गाय देण्याची योजना आहे. तिची पहिली कालवड शेजारच्या गरीब कुटुंबाला द्यायची असते. रवांडात गाय देणं म्हणजे नातं जोडणं, त्यामुळे या कालवडीला दुधापलीकडची किंमत आहे. जुलै २०१८ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी याच योजनेसाठी रवेरू गावात २०० गायी दिल्या होत्या. तो बुगेसेरा जिल्हा १९९४ मध्ये सर्वात जास्त पोळलेल्या भागांपैकी एक. तिथे अशा वस्त्या आहेत जिथे वाचलेले आणि शिक्षा भोगून आलेले शेजारी-शेजारी राहतात, एकमेकांच्या आजारपणाला धावतात.

याला क्षमा म्हणावं का? काही जणांनी मनापासून क्षमा केली आहे आणि त्यांच्यापुढे नतमस्तक व्हावंसं वाटतं. पुष्कळांनी मात्र फक्त शेजार स्वीकारला आहे, कारण जमीन तिथेच आहे आणि जायला दुसरी जागा नाही. बाहेरून आलेले पत्रकार आणि पाहुणे वाचलेल्यांना 'तुम्ही त्याला माफ केलंत का?' असं विचारतात, तेव्हा त्यांच्यावर आणखी एक ओझं टाकतात. क्षमा न करणारी विधवाही आपला शेजारधर्म पाळते, रोज त्याच वाटेने पाणी आणते. देशाला एवढं पुरेसं असायला हवं. त्याहून जास्त मागण्याचा हक्क कोणालाच नाही.

## आता बाहेर येणाऱ्यांचं काय?

जे सर्वात लांब शिक्षा भोगून सुटत आहेत, त्यांच्यात गुन्हा शेवटपर्यंत नाकारणारे बरेच आहेत. कबूल करणारे केव्हाच बाहेर आले. म्हणजे ज्यांनी गावासमोर कधीच तोंड उघडलं नाही, असे लोक आता गावात परत येणार आहेत. त्यांची मुलं बापाच्या गुन्ह्याविषयी काही न ऐकता मोठी झाली. आज देशातले बहुसंख्य लोक १९९४ नंतर जन्मलेले आहेत.

त्यातच प्रेतं अजून सापडत आहेत. २०१८ मध्ये किगालीजवळ वस्तीखाली हजारो लोकांचे अवशेष मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून दक्षिणेकडच्या हुये जिल्ह्यात घरांखाली खोदकाम झालं, तिथे हजाराहून अधिक मृतांचे अवशेष निघाले. आजूबाजूच्या लोकांना हे ठाऊक असूनही त्यांनी इतकी वर्षं लपवलं, अशी उघड खंत वाचलेल्यांच्या 'इबुका' या संघटनेने व्यक्त केली. सुटणाऱ्या कैद्याची शिक्षा पुरी झाली असेल तर त्याला पुन्हा डांबता येणार नाही, आणि डांबूही नये. पण सुटकेआधी तुरुंगात त्याच्याशी बोलणारा अधिकारी, गावी त्याची वाट पाहणारं कुटुंब आणि रविवारी त्याला चर्चमध्ये घेणारा पाद्री, या तिघांनाही त्याला एक गोष्ट विचारता येईल: तू ज्यांना मारलंस, त्यांना कुठे पुरलंस?